चेन लागेल इतकंच

फोन, किल्ली, दहाच्या पाच नोटा,
दम्याचा पंप.
एवढंच तर न्यायचंय
रायबंदरच्या बांधावरून पणजीपर्यंत, आणि परत.
तरी तीन आठवडे झाले, मनासारखी पिशवी सापडत नाही.

पहिली दंडावर बांधायची होती.
ती कोपराकडे घसरत यायची,
रक्तदाब मोजायला बसवलेली बाई
मधूनच उठून पळावी, तशी मी.
दुसरी पाठीवरची, पाण्याच्या नळीसकट.
आरशात पाहिलं तर
काजूच्या बागेत फवारणीला निघाले होते.
तिसरी कमरेची, सहा कप्पे.
दुकानातला पोरगा म्हणाला, मॅडम, ह्यात सगळं मावतं.
घरी येऊन मी खरंच सगळं घातलं:
रुमाल, सुटे पैसे, आवळासुपारी,
वीजखात्याचं ओळखपत्र,
कोणी आडवं आलंच तर सांगायला
की मी कनिष्ठ अभियंता आहे.
पहिल्या किलोमीटरला ती पोटावर होती,
दुसऱ्याला पाठीवर,
मिठागरातले बगळे उडाले ते
माझ्या पावलांनी की तिच्या खळखळाटाने, कोण जाणे.

डिसेंबरपर्यंत मी पंप मुठीत धरून धावायचे, बस्स.
फाटकाची कडी वाजली की
शेवंता दार उघडायची,
केस मोकळे, हातात चहाचं गाळणं,
"धांवून धांवून खंय पावलें गो?"
पोदेरही तिच्यासाठीच थांबे.
उंड्यांचा हिशेब महिन्याचा,
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने.

एकावन्नाव्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीने लग्न केलं,
वाळपईच्या एका विधुर पोस्टमास्तरांशी.
जानेवारीत गेली.
दोन सुटकेसा, शिवणयंत्र,
आणि गाडीत बसता बसता परत येऊन
तिची किल्ली तिने माझ्या रिंगमध्ये अडकवली.
राहू दे ना तुझ्याकडे, मी म्हटलं.
हरवेल, म्हणाली.

शेवटी बाजारामागच्या इनासकडे गेले.
छत्र्या, चेनी, शाळेची दप्तरं, तो काहीही शिवतो.
त्याने पिशव्या दाखवल्याच नाहीत,
म्हणाला, आधी सामान काढ.
मी मांडलं.
त्याने एका बोटाने सारायला सुरुवात केली:
सुपारी. रुमाल.
ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं,
काही न बोलता तेही सारलं.
उरलं त्याच्या मापाची, छत्रीच्या काळ्या कापडाची
एक पिशवी खणातून काढली,
पट्टा दोन इंच आत घेतला, दाताने दोरा तोडला.
धाव, म्हणाला.
इथे? बोळात?
धाव.
मी लिंबांच्या टोपलीपासून
सुंगटांच्या शेवटच्या वाट्यापर्यंत धावले.
"चोर खंय गेलो गो?" एक नुस्तेकान्न उठून उभीच राहिली.

पिशवी हलली नाही. फक्त किणकिणली.

"वाजता कित्याक? दोन आसात देखून," इनास म्हणाला.
"एक काड."
मी रिंग हातात घेतली.
नखाने उघडतही होती.
मग म्हटलं, असू दे.
त्याने खांदे उडवले,
मेणकापडाचा एक तुकडा दिला, दोघींच्या मध्ये घालायला.
तुकड्याचे पैसे घेतले नाहीत.

आज तो तुकडा घरी विसरले,
विसरले असंच म्हणूया.
भरती होती, बांधाच्या दगडांना पाणी लागलेलं,
जुन्या गोव्याची पहिली बस दिवे लावून गेली.
मागून सायकल आली, पण हॉर्न वाजला नाही.
आवाजावरून ओळखलं, पोदेर म्हणाला,
किती देऊ?
सवयीने तोंडातून गेलं, चार.

चार उंडे काही त्या पिशवीत मावत नाहीत.
दोन्ही हातांनी छातीशी धरून, चालत आले,
पाठ पोळावी तसा गळा पोळत होता वाफेने.
आता दारात उभी आहे.
कमरेला घट्ट पिशवी, चेन लावलेली,
आत दोन किल्ल्या,
आणि एकही हात मोकळा नाही.